आठवीचा पेपर

संतोषच्या खोलीत देवाच्या फोटोखाली भिंतीवर आकडे होते. त्याची पोरगी पद्मा पाचवीत. शाळेतनं मार्क आले की हा आपल्या गवंडीकामाच्या लाल पेन्सिलीनं भिंतीवर लिवायचा. अठ्ठ्याण्णव, शंभर, शंभर. त्याला वाचता येत नाही, आकडे तेवढे येतात. मलाबी जास्त काय येत नाही, म्हणून रिक्षा चालवतो. धारवाडकडच्या उणकलात आमच्या खोल्या लागून.

पद्माच्या जयलक्ष्मी टीचरनी तिला मुद्दाम आठवीच्या गणिताच्या पेपराला बसवलं. पाचवीच्या पेपरात शंभर पडतात, मग त्याच्याफुडं पोरीचं डोकं किती चालतंय ते कळणार कसं, असं त्यांचं म्हणणं. असे दोन पेपर नीट झाले तर धारवाडची एक शाळा तिला ठेवून घेऊन फुकट शिकवणार होती. हे सगळं त्यांनी चिठ्ठीत कन्नडमधी लिवून धाडलं. खाली आकडा, एकोणपन्नास. संतोषनं तेवढाच वाचला.

त्याची बायको यमुना माझ्या दारात धावत आली, माझा हात धरून ओढायला लागली. जाऊन बघतो तर संतोषच्या हातात गिलावा सरळ करायची लाकडी पट्टी. पोरगी कोपऱ्यात, नाकातनं रक्त, झगा पाठीवर फाटलेला. प्रत्येक दणक्याला हा विचारतोय, पन्नासबी नाही? ती म्हणतीय, अप्पा, आठवीचा हाय, आठवीचा हाय. त्याला वाटलं खोटं बोलतीय, म्हणून आणखी जोरात.

मी मनगट धरलं.

"सटवाअण्णा, मधी पडू नको. पोरगी माझी हाय."

"पट्टी ठेव खाली."

त्यानं ती माझ्या कपाळात घातली. डोळ्यात रक्त उतरलं. मग कुठं लागतंय ते मीबी बघितलं नाही. त्याचं डोकं भिंतीवर आपटलं, त्या शंभरांवरच. तोंडावर बुक्की घातली, तर त्याचा फुडचा दात माझ्या बोटात रुतला. यमुना माझ्याच पाठीत गुद्दे घालायला लागली, नवऱ्याला मारतोय म्हणून.

दुसऱ्या दिवशी त्याला रिक्षात घालून इथल्याच लॅमिंग्टन रोडला टीचरकडं नेला. त्याचं सुजलेलं तोंड बघून त्यांनी आधी पाणी दिलं, मी चिठ्ठी फुडं केली. मग म्हणाल्या, "अहो, आठवीतली निम्मी मुलं एकोणपन्नासपर्यंत पोचत नाहीत."

संतोष तिथंच खाली बसला. घरी येऊन त्यानं सगळ्या शंभरांच्या वर एकोणपन्नास लिवले, हातभर मोठे. पोरीला म्हणाला, बघ. पोरगी दाराआडच्या पट्टीकडं बघत होती.

रविवारी दुसरा पेपर. आम्ही दोघं तिला घेऊन टीचरकडं गेलो. टीचरनी नववीचा पेपर फुडं ठेवला. पद्मानं तो दोन बोटांनी मागं सारला.

"टीचर, मला पाचवीचा द्या. त्यात शंभर पडतात."

टीचरनी समजावलं. जागा जाईल म्हणून मीबी सांगितलं. तिनं मान वर केली नाही. शेवटी संतोष दारातनं आत आला, तिला काहीतरी सांगायला वाकला.

तशी तिनं दोन्ही हात डोक्यावर घेतले.