योगेश दाजी

धायरीतल्या त्या शेडमध्ये परदेशी पोरींचे फ्रॉक शिवले जात. लेबलवर छापलेलं असे, वय बारा ते तेरा. फ्रॉक अंगावर नीट बसतो की नाही हे दीपालीला घालून बघत, कारण ती तेरा वर्षांचीच होती. आज मात्र ती एकोणीसची होती. ऑगस्टच्या तपासणीच्या मॅडम यायच्या होत्या.

सुपरवायझर साईनाथनं तिच्या हातात थोरल्या बहिणीचं, तनुजाचं आधार कार्ड दिलं. त्यावर तनुजा ही योगेशची पत्नी होती. म्हणून साडी आली, मंगळसूत्र आलं. सकाळी नऊला धागे कापणाऱ्या पोरीचं लग्न उरकलं, अक्षता तेवढ्या राहिल्या.

शेजारच्या मशिनवर तिची आई, यमुनाबाई. फ्रॉकमागं नऊ रुपये. दोघी राबल्या तर खोलीचं भाडं निघायचं. पोरगी सापडली तर ऑर्डर जाणार, शेडला कुलूप, चाळीस बायका घरी. हे साईनाथनं इतक्यांदा ऐकवलं होतं की यमुनाबाईची तिसरी सुई मोडली.

सुरुची मॅडम आल्या. चहा नको, पाणी नको, खुर्ची नको. पेठेतल्या असाव्यात.

"नाव?"

"तनुजा."

"वय?"

"एकोणीस."

"नवऱ्याचं नाव?"

"योगेश दाजी."

सगळी मशिनं थांबली. वीज गेली नव्हती.

"दाजी म्हणजे बहिणीचा नवरा ना?"

यमुनाबाई मध्येच बोलली. "आमच्याकडं नवऱ्यालाच दाजी म्हणत्यात, मॅडम."

"असं?" मॅडम पुढच्या मशिनकडे वळल्या. "तुमचे मिस्टर?"

"दत्तोबा दाजी," नम्रता म्हणाली. तिच्या सात पिढ्या पुण्यातच, मंडईमागं गेल्या होत्या.

"तुमचे?"

"उत्तरेश्वर दाजी."

"तुमचे?"

"दाजीच होते. वारले."

मॅडमनी साईनाथकडं पाहिलं. "आणि आपल्या पत्नी?"

साईनाथ घाईघाईनं म्हणाला, "स्वराली वहिनी."

कुणी हसलं नाही.

"छान. परंपरा जपता आपण." मॅडम दीपालीकडं परतल्या आणि त्यांनी पान उलटलं. "विवाहित कामगारांसाठी वेगळे प्रश्न आहेत. आपण गरोदर आहात?"

हा प्रश्न शिकवलेला नव्हता. साईनाथ मॅडमच्या पाठीमागून मान हलवत होता, पण हो की नाही, हे त्याच्या मानेलाही ठाऊक नव्हतं. दीपालीनं अंदाज बांधला.

"हो."

"कितवा महिना?"

"आठवा."

मॅडमनी तिच्या सपाट पोटाकडं बघितलं. मग पेन कागदावर टेकवलं आणि खरोखरच लिहायला लागल्या.

यमुनाबाई उठली. मागं तिचं स्टूल पडलं.

"खोडा ते. तेरा वर्षांची हाय ती. सातवीतनं काढली मी."

साईनाथ फ्रॉकच्या ढिगावर मटकन बसला. नम्रता हातातल्या कापडाकडंच बघत राहिली. बाकीच्याही. मॅडम काहीतरी विचारत होत्या, शाळेचं नाव बहुतेक.

दीपालीला रडू फुटलं. "आई, ऑगस्ट आठवाच असतो ना?"

"आठवाच गं," यमुनाबाई म्हणाली, आणि मशिनखालचा आपला डबा तिनं उचलला.