दोन शब्द मागे

बाबा टेबलाखाली वाकून पायाने दाबायच्या पेडलची वायर काढत होते, पुन्हा खोचत होते. मुलगी खुर्चीची पाठ धरून उभी होती. पडद्यावर दर वेळी तीच चौकट उगवत होती : हे उपकरण या सिस्टीमवर चालणार नाही.

“माझे पाय ठणठणीत आहेत गं,” ते खालूनच म्हणाले. “तुझ्या कॉम्प्युटरनेच हात वर केलेत.”

जुन्या सिस्टीमवर बँकेचं पान उघडेना, म्हणून काल तिनेच नवी घातली होती. पेडल तिच्या ध्यानीमनीही नव्हतं.

बाबांनी जन्मभर वकिलांची, डॉक्टरांची रेकॉर्डिंग ऐकून टाइप केली. पेडल दाबलं की आवाज सुरू. पाय उचलला की तो दोन शब्द मागे जाऊन थांबायचा, काही निसटू नये म्हणून. आजारपणात आई पडल्या पडल्या लहानपणच्या गोष्टी सांगायची आणि बाबा त्या रेकॉर्ड करायचे. ती गेल्यापासून रोज सकाळी ते त्या टाइप करायला बसत. आता शेवटची फाइल तेवढी उरली होती.

“जुनी सिस्टीम परत नाही घालता येणार?”

“नाही हो बाबा. नवं पेडल मागवते ना.”

“ते कधी यायचं.”

“मग मी माउसने लावते. तुम्ही टाइप करा, म्हणाल तिथे थांबवते.”

बाबा उठून खुर्चीत बसले. तिने फाइल सुरू केली.

“अहो, ऐकताय ना, की लागली डुलकी?” आईचा आवाज खोल गेलेला, टोमणा मात्र शाबूत. “तर आमच्या शाळेमागे एक विहीर होती...”

बाबांचा पाय उचलला गेला. आवाज थांबला नाही. पाय खाली टेकला, पुन्हा उचलला गेला.

मुलीने पडद्यावरचं पान पाहिलं. त्यावर एकच ओळ होती, विहिरीची. कित्येक महिने रोज सकाळी स्वयंपाकघरात तिला हीच विहीर पुन्हा पुन्हा ऐकू यायची. बाबांच्या कानांचं काही खरं नाही, असं तिने भावाला फोनवर सांगितलंही होतं.

तिचा हात घाईने माउसकडे गेला. बाबांनी त्यावर आपला हात ठेवला.

“राहू दे. झालं आता.”

आई विहिरीच्या पुढे गेली होती. मोठ्या बहिणीची चप्पल हिनेच विहिरीत टाकली होती, मार मात्र धाकट्या भावाने खाल्ला. “अजून मला सांगतो, तो मार व्याज धरून परत घे म्हणून.” ती हसली, हसता हसता खोकली. “बास. बाकीचं उद्या.”

मग काहीच नाही.

“संपलं बाबा,” मुलगी जरा वेळाने म्हणाली. “बंद करू?”

त्यांनी नको म्हणून मान हलवली. त्या दिवशी रेकॉर्डर बंद करायचा राहून गेला होता. पेला ठेवल्याचा आवाज आला. चादर सरकली. मग एक श्वास, मोठा, त्यामागून दुसरा. हळूहळू ते संथ होत गेले.

मुलीला हुंदका आवरेना. बाबांनी ओठांवर बोट ठेवलं.

“हळू,” ते म्हणाले. “आत्ता कुठे डोळा लागलाय तिचा.”