एक पेपर बाकी

बायजाबाई टेंभुर्णे यांनी दिलेला पंखा कॉलेजनं परत केला. हे वाक्य वाचून लगेच विसरून जावं, कारण असं काही घडलेलंच नाही. कॉलेजच्या कागदोपत्री पंखा आलेलाच नाही, आणि जो आलाच नाही तो परत कसा करणार, हा प्राचार्य जागेश्वर कापगते यांचा मुद्दा बिनतोड होता. फक्त हा मुद्दा मांडताना ते पंख्याचं खोकं बुटाच्या टोकानं टेबलाखालून दाराकडे सरकवत होते.

तृप्ती नंदेश्वरनं खोकं चपलेनं अडवलं.

"सर, निदान उघडून तर बघा."

"उघडलं की आलं असं होते, मॅडम."

तृप्ती कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायची, तेही तासिका तत्त्वावर. लग्नात उरलेली बुंदी जशी सगळ्यात शेवटी निघणाऱ्या पाहुण्याच्या डब्यात जाते, तसा माजी विद्यार्थी संघ तिच्याकडे आला होता. संघाजवळ एक रबरी शिक्का होता आणि एक व्हॉट्सॲप ग्रुप. ग्रुपवर रोज सकाळी गुलाबाची फुलं उगवायची आणि वर्गणीचं नाव काढलं की सुकायची.

तिला संघाची फिकीर नव्हती, अभ्यासिकेची होती. अभ्यासिका म्हणजे सायकल स्टँडला लागून असलेली टिनाची शेड. कॉलेज होतं त्या दिघोरीच्या आजूबाजूच्या मुली तिथं बसून पोलीस भरतीचा, तलाठ्याचा, मिळेल त्या परीक्षेचा अभ्यास करायच्या. घरी बसलं की घरचे काम सांगतात, आणि शेडमध्ये काम सांगणारं कोणी नसतं, एवढीच त्या शेडची सोय. पण मार्च लागला की टिन तापायचं आणि एप्रिलात मुली एकेक करून घरी, म्हणजे कामाला, परत जायच्या. यंदा मूल्यांकन समिती येणार होती. प्राचार्यांनी तृप्तीला साफ सांगितलं होतं की समितीला दाखवायला माजी विद्यार्थ्यांकडून एक तरी वस्तू आली पाहिजे. आली तर शेड अभ्यासिका राहील. नाही आली तर तिथं जनरेटर ठेवला जाईल. जनरेटर बंद होता, पण त्याला सावली लागायची.

तृप्तीनं फोन लावून पाहिले. सिहोऱ्याला राईस मिल असलेल्या कैलाश हटवारांनी विचारलं, "कॉलेजनं मले काय देलं जी?"

"डिग्री दिली ना, सर."

"ते त विद्यापीठानं देली. त्याहिले मागा."

आणखी एकानं, आवाज अगदी खणखणीत येत असताना, नेटवर्क नाही असं स्वतःच कळवलं.

आणि मग बायजाबाई आल्या, न बोलावता, डोक्यावर खोकं घेऊन. रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत बायांची टोळी घेऊन आसगावापर्यंतच्या धानाच्या बांध्या लावून देणारी बाई म्हणून त्यांना पंचक्रोशी ओळखायची. त्या कॉलेजात शिकल्या होत्या हे मात्र पंचक्रोशीला माहीत नव्हतं, आणि प्राचार्यांना मान्य नव्हतं.

त्या आत्ताही समोरच्या खुर्चीत होत्या. आपलं खोकं दोन शिकलेल्या माणसांच्या पायात चाललेलं पाहून त्यांनी पदर नीट केला.

"त्याले लाथ नोका लावू, गुरुजी. नाव लिवलं हाय त्याच्यावर."

"लाथ नाही, बाई, सरकवतो आहे. नियमाप्रमाणे तुम्ही माजी विद्यार्थी नाही."

"मंग आताची हाओ काय?"

"आताच्याही नाही."

"माजी नाई, आताची नाई. मंग मी वर्षभर इथं कायले येत होती जी? बकऱ्या चाराले?"

प्राचार्यांनी नियमावली उघडली. जिने किमान एक वार्षिक परीक्षा उत्तीर्ण केली तीच माजी विद्यार्थिनी, असं तिथं होतं. ते त्यांनी दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा जरा हळू आवाजात.

"एकच पेपर राह्यला," बायजाबाई म्हणाल्या. "अर्थशास्त्राचा. बाकी समदे देल्ले."

"का राहिला?" तृप्तीनं विचारलं.

"मोह पडला ना, बाई."

मोहफुलं पहाटे पडतात आणि ऊन चढायच्या आत वेचावी लागतात, नाही तर गुरं खाऊन जातात. हे तिथं कोणालाच समजावून सांगायची गरज नव्हती. प्राचार्यांचं स्वतःचं बालपण मोहाखाली वाकून गेलं होतं.

"मायनं म्हटलं, दोन टोपल्या वेच अना जा. त्या दिवशी असा पडला, असा पडला, का झाडच रिकामं होऊन राह्यलं होतं. टोपल्या भरल्या, गाडी गेली. पायी निघाली मी. पोचली तवा पोट्टे पेपर देऊन भाईर आले होते अना सोपा होता म्हनत होते. त्याचा लय राग आला मले. कठीन तरी म्हनावं ना."

प्राचार्य खिडकीबाहेर पाहू लागले.

"पुढच्या वर्षी बसायचं होतं," ते म्हणाले.

"पुढच्या वर्षी लगन बसलं ना जी मधात."

तृप्तीनं खोकं उघडलं. पंख्याच्या तिन्ही पात्यांवर लाल रंगात, काळी सावली देऊन अक्षरं काढलेली होती. मोनू पेंटरचा हात होता. तो झाडीपट्टीच्या नाटकांचे पडदे रंगवायचा, त्यामुळे तो काहीही लिहो, आता तलवार निघणार असं वाटायचं. पहिल्या पात्यावर होतं 'बायजाबाई टेंभुर्णे'. दुसऱ्यावर 'बी.ए. भाग १'. तिसऱ्यावर, तितक्याच ऐटीत, 'एक पेपर बाकी'.

"हे तिसरं कशाला?" प्राचार्य म्हणाले.

"खोटं नको ना व्हाले."

प्राचार्य पुन्हा नियमावर आले. पंखा स्वीकारता येणार नाही, तो आलेला नाही, चहा घेऊन जा, असं त्यांनी सांगितलं. बायजाबाईंनी चहा घेतला. पंखा नेला नाही.

"आला नाई त मी नेऊ काय?" एवढंच म्हणून त्या गेल्या.

त्या संध्याकाळी तृप्तीनं पात्यांचा फोटो काढून माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं: 'अभ्यासिकेसाठी पहिला पंखा. देणगीदारांचा एक पेपर बाकी आहे. ज्यांचे सर्व पेपर झालेले आहेत त्यांनी काळजी करू नये.'

ग्रुपवर गुलाबसुद्धा आला नाही. मग कैलाश हटवारांचा फोन आला.

"मॅडम, तो पंखा कोन्त्या कंपनीचा व्हय?"

चार दिवसांत पंखे यायला लागले. सिहोऱ्याहून आले, तुमसरहून आले, एक तर पुण्याहून बसच्या टपावरून आला. सगळ्यांचे सगळे पेपर झालेले होते आणि ते पात्यांवर लिहिलेलं होतं. 'एम.ए., बी.एड.' लिहिलेला पंखा आला, तर दुसऱ्या दिवशी 'एम.ए. (दोन विषय), बी.एड.' असा आला. कैलाश हटवारांच्या पदव्या आणि पदं तीन पात्यांवर मावेनात, म्हणून त्यांनी चार पात्यांचा पंखा शोधून काढला आणि चौथ्या पात्यावर राईस मिलचा फोन नंबर टाकला. मोनू पेंटरनं त्या महिन्यात एका नाटकाचा पडदा अर्धवट सोडला. राजवाड्याला खांब आले, छत आलं नाही.

समिती आली, तिनं वर बघितलं, मान डोलावली आणि गेली. जनरेटर उन्हातच राहिला.

आता सगळं नीट व्हायला हरकत नव्हती. पण पंखा फिरायला लागला की नाव दिसत नाही, ही गोष्ट पंखा देईपर्यंत एकाही पदवीधराच्या लक्षात आली नव्हती. पहिल्यांदा ती कैलाश हटवारांच्या लक्षात आली. ते कुटुंबासह आपलं नाव पाहायला आले आणि वर पाहून म्हणाले, "माहा नंबर कुठं गेला?"

मुलींनी पंखा बंद केला. नंबर आला. हटवारांनी खाली उभं राहून फोटो काढले, सौभाग्यवतींनी काढले, जावयांनी काढले. मुली पुस्तकानं वारा घेत बसल्या. मग दुसरे आले. मग ज्यांना येता येत नव्हतं त्यांचे मेहुणे आले. शेवटी प्राचार्यांनी परिपत्रकच काढलं: देणगीदार केव्हा येतील याचा नेम नसल्यामुळे, देणगीदारांचे पंखे कार्यालयीन वेळेत बंद ठेवण्यात यावेत.

पंखे आल्यापासून अभ्यासिकेत पहिल्यापेक्षा जास्त उकडायला लागलं. आधी निदान आशा नव्हती.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात दोन मुली यायच्या बंद झाल्या. प्रतिक्षा नावाची एक मुलगी, जी पोलीस भरतीसाठी रोज पहाटे तलावाच्या पाळीवर धावायची आणि मग दिवसभर शेडमध्ये बसायची, तृप्तीकडे आली.

"मॅडम, मी बी उद्यापासून घरीच बसू काय? घरी एकच पंखा हाय, पण तो फिरते."

तृप्तीनं परिपत्रक काढून पुन्हा एकदा वाचलं. मग प्राचार्यांच्या खोलीत गेली, टेबलाखालून ते खोकं ओढून काढलं आणि कॉलेजच्या वायरमनला हाक मारली.

दुसऱ्या दिवशी प्राचार्य फेरीवर आले तेव्हा शेडमध्ये सगळे पंखे नियमाप्रमाणे थांबलेले होते. फक्त दाराजवळचा एक पूर्ण वेगानं फिरत होता आणि साऱ्या मुली आपापले बाक ओढून त्याच्याखाली दाटीवाटीनं बसल्या होत्या.

"तो पंखा का चालू आहे?"

"कोणता, सर?"

"हा काय, हा!"

"तो आलेलाच नाही, सर," तृप्ती म्हणाली. "परिपत्रक देणगीदारांच्या पंख्यांना आहे. याला देणगीदारच नाही."

प्राचार्यांनी वर पाहिलं. तिथं वाचण्यासारखं काही नव्हतं, लालसर गोल वारा तेवढा होता. त्यांनी खिशातून रुमाल काढला, मान पुसली. जायच्या आधी ते त्या पंख्याखाली जरा जास्तच वेळ उभे राहिले. मुली आदरानं सरकल्या.

न येणाऱ्या दोन मुली परत आल्या. मग त्यांच्या गावच्या आणखी तिघी आल्या. आणि एका दुपारी बायजाबाई आल्या.

त्यांना दारात पाहताच प्रतिक्षा धडपडत उठली आणि बटणाकडे धावली. पाहुणे आले की काय करायचं हे मुलींच्या अंगवळणी पडलं होतं. पाती मंदावली, लाल पट्टे सुटे झाले, अक्षरं एकमेकांपासून वेगळी व्हायला लागली. घामेजलेल्या मुली हसऱ्या चेहऱ्यानं वर बघत बसल्या.

"बंद काहून केला वो?"

"तुमचं नाव दिसाले पायजे ना, मावशी."

बायजाबाईंनी वर पाहिलंच नाही. त्यांनी मुलींकडे पाहिलं, कपाळाला चिकटलेल्या केसांकडे, वारा घ्यायला हातात धरलेल्या पुस्तकांकडे.

"माहं नाव मले पाठ हाय," त्या म्हणाल्या. "चालू कर तो."

पंखा फिरला. नाव गेलं, भाग एक गेला, बाकी असलेला पेपरही गेला. बायजाबाईंनी बाकावर हात ठेवून "सरक वो जराशी" म्हटलं आणि मुलींमध्ये जागा करून घेतली. पिशवीतून एक जुनं, कडा कुरतडलेलं अर्थशास्त्राचं पुस्तक काढलं. बराच वेळ त्या वाचत होत्या. मग प्रतिक्षाकडून फुलस्केप मागितला, पेन मागितला आणि लिहायला लागल्या. मध्येच एकदा त्यांनी तृप्तीला बोलावून विचारलं की 'प्रति' वर लिहायचं की खाली. तृप्तीनं सांगितलं.

लिहून झालेला कागद तृप्तीनं उभ्यानंच वाचला. सुधारण्यासारखं काही सापडतं का ते पाहिलं. सापडलं नाही. मग तिनं कपाटातून संघाचा रबरी शिक्का काढला आणि 'माजी विद्यार्थी' असं लिहिलेला तो शिक्का बायजाबाईंच्या सहीच्या शेजारी, वाकडा पडू न देता, जोरानं उठवला.

प्रति,
मा. कुलगुरू साहेब यांस,
प्राचार्यांमार्फत सविनय सादर.

विषय: राहिलेला पेपर घेण्याबाबत.

महोदय, मी बी.ए. भाग एकची विद्यार्थिनी असून सन १९८९ च्या उन्हाळी परीक्षेत अर्थशास्त्राच्या पेपरला मोह पडल्यामुळे हजर राहू शकले नाही. सदर मोह वेचून झालेला आहे व आता कोणतीही अडचण उरलेली नाही. तरी माझा पेपर त्याच वर्षाच्या पुस्तकाप्रमाणे घेण्यात यावा, तो सोपा काढू नये, आणि सकाळच्या वेळी न ठेवता दुपारी ठेवण्यात यावा, ही नम्र विनंती. सकाळी मोह पडतो.