साडेसहा मार्क

हवालदार शरणबसप्पानं फोनवर 'साडेसहा' म्हटलं आणि इकडे मुरुमला त्याच्या बापाच्या, शंकरप्पाच्या, हातातला चहा तसाच निवून गेला. साहेबानं वर्षाच्या अहवालात दिलेले मार्क, दहापैकी साडेसहा! पोरगा नायब सुभेदार होणार की मार्चात पेन्शनीवर घरी बसणार, हे याच मार्कांवर ठरायचं होतं.

"अप्पा, साडेसहा लई झाले. आमचा साहेब हाताचा आखडता. बाकी सगळ्यांना पाचच पडल्यात. वर नुसते मार्क बघत न्हाईत, त्या साहेबाच्या सरासरीच्या किती वर हाय ते बघत्यात."

शंकरप्पानं 'व्हय व्हय' केलं. पण 'सगळ्यांनाच कमी पडल्यात' हे त्यानं पोराच्या दहावीलाही ऐकलं होतं, आणि तेव्हा पठ्ठ्या गणितात आपटला होता. बापाला काय दुधखुळा समजतो?

अहवालावर साहेबाची सही व्हायला अजून आठवडा होता आणि साहेब होता आपल्याच जिल्ह्यातल्या वाशीचा. शंकरप्पानं पटका बांधला, दोन एसट्या बदलल्या आणि साहेबाच्या आईच्या, द्वारकाबाईंच्या दारात जाऊन डोळ्याला पंचा लावला. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि लगोलग लेकाला फोन लावला.

"काय रं, लोकांच्या लेकरांना पाच-पाच मार्क देतूस? तुझ्या पदरचं काय जातंय? हात सैल सोड, न्हायतर म्या येते तिथं!"

सरहद्दीवर ज्याची पापणी कधी लवली नाही, त्या साहेबानं चाळीसच्या चाळीस जवानांना नऊ-नऊ देऊन सही ठोकली.

शंकरप्पा गल्लीत पेढे वाटत असतानाच फोन आला.

"नऊ पडले, अप्पा."

"बघ! हाय का न्हाय?"

"सगळ्यांनाच नऊ पडले. सरासरी बी नऊच. आता माझ्यात आन् दुसऱ्यात फरकच न्हाय. तुमी वाशीला गेलता व्हय?"

आता कुठं शंकरप्पाच्या डोक्यात उजेड पडला. "मग... बाईंना सांगून बाकीच्यांचे कापायला लावू का?"

"नगं, अप्पा. सही झाली. मार्चात येतो. कायमचा."

बावीस वर्षांनी पोरगा घरी राहायला येणार म्हणून शंकरप्पाला आधी आनंदच झाला, आणि मग त्या आनंदाची इतकी लाज वाटली की त्याला फोन ठेवताही येईना.