मधली जागा

लागोपाठ नऊ सामने जिंकले आणि तिथंच ओरेस्ट बाबियुकचं घोडं अडलं.

क्रेन्स हा आइस हॉकीचा संघ. मोठ्या लीगमधला नव्हे, पण खेळाडू सगळे पगारी. नोव्हेंबरात मालकाने मुख्य प्रशिक्षकाला नारळ दिला आणि नवा सापडेपर्यंत संघ ओरेस्टच्या गळ्यात घातला. ओरेस्ट सत्तावन्न वर्षांचा. तीस वर्षं साहाय्यक म्हणूनच राबलेला, चौदा गावं, चौदा संघ. नवव्या गावात बायको म्हणाली, "आता मी सामान बांधणार नाही," आणि मुलीला घेऊन तिथंच राहिली. तेव्हापासून हा एकटा. फ्रीजमध्ये चर्चच्या बायकांकडून घेतलेल्या पेरोग्यांच्या, म्हणजे बटाट्याच्या उकडलेल्या करंज्यांच्या, पिशव्या आणि रविवारी मुलीचा फोन, एवढाच त्याचा संसार.

सामन्याच्या वेळी बर्फाच्या कडेला खेळाडूंचा लांब बाक असतो. बाकाच्या दोन टोकांना दोन दारं, दारांपाशी साहाय्यक. मधोमध, खेळाडूंच्या पाठीशी, मुख्य प्रशिक्षक उभा राहतो. पहिल्या दिवशी ओरेस्ट सवयीने आपल्या डाव्या दारापाशीच उभा राहिला आणि तिथूनच नावं पुकारत खेळाडू आत-बाहेर करत राहिला. संघ चार-एकने जिंकला. झालं! जिंकल्यावर हॉकीवाला माणूस पायातला मोजासुद्धा बदलत नाही. पुढच्या सामन्याला तोच हिरवा टाय, तेच दार. नऊ सामने असे झाले. दहावा हरले तेव्हा त्याच्या मनात आलं की आता मधे सरकावं. पण कर्णधार पेलेतिए म्हणाला, "कोच, तुम्ही तिथंच थांबा. एक हरलो म्हणून लगेच जागा सोडता की काय?" अकरावा जिंकले.

रविवारी लारिसाचा फोन आला.

"बाबा, सामना बघितला. तू कुठं दिसलाच नाहीस. कॅमेरा सारखा मधे जातो आणि मधे कुणीच नाही."

"मी दारापाशी असतो गं."

"पण आता तू मुख्य आहेस ना?"

"होईन. अर्ज दिलाय."

तीस वर्षांत असं काही तो पहिल्यांदाच तोंडाने बोलला होता. फोन ठेवल्यावर त्याला आनंद झाला, आणि भीतीही वाटली. आता हे झालं नाही तर तिलाही सांगावं लागणार होतं.

व्यवस्थापक ग्लेन मॅक्रेडीने बाहेरच्या तिघांना बोलावून तासतासभर मुलाखती घेतल्या. चौथा ओरेस्ट. कोट इस्त्रीचा, खिशात आपल्या हाताने लिहिलेली दोन पानं.

"ये, बस," ग्लेन म्हणाला. "मुलाखत कसली तुझी? तू तर घरचाच."

ओरेस्टला धीर आला. तेवढ्यात ग्लेनने संगणकाचा पडदा त्याच्याकडे वळवला. वर्तमानपत्रात आलेला बाकाचा फोटो होता.

"मालकाने पाठवलाय. मधे काय दिसतंय तुला?"

"काही नाही."

"तेच तर. तो म्हणतो, प्रशिक्षकाशिवाय पोरं एवढी जिंकतात, तर प्रशिक्षक आला की काय करतील!"

"जिंकत होतो म्हणून नाही हललो मी. तुला माहीत आहे, ग्लेन."

"मला माहीत आहे रे. मी एकोणीस सामने एकच बनियन घातलं होतं, बायकोने शेवटी घराबाहेर काढलं. पण मालक सिमेंटच्या धंद्यातला माणूस. त्याला हे कसं समजावू?" ग्लेनने नजर चुकवली. "मुख्य म्हणून कर्टिस व्हॅन डाइक गुरुवारी येतोय. त्याला सगळं तूच दाखव. तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे इथलं?"

ओरेस्टने मान डोलवली. दोन पानं खिशातच राहिली.

लारिसाला सांगायचं त्याच्या जिवावर आलं. रविवारी फोन वाजला तो त्याने वाजू दिला. शुक्रवारी सकाळी तिचा संदेश आला, 'आज बघणार आहे. मधे उभा राहा.' त्यालाही त्याने उत्तर दिलं नाही.

त्या सकाळी रिंकवर, बर्फाच्या मैदानावर, एकही खेळाडू नव्हता. ओरेस्ट बाकामागे गेला आणि मधोमध उभा राहिला. दारापासून बर्फाचा एक कोपरा कायम काचेच्या चौकटीआड जायचा. इथून सगळा बर्फ दिसत होता, या टोकापासून त्या टोकापर्यंत. इतकं सोपं असतं हे, असं त्याला वाटलं.

बर्फ सारखा करणाऱ्या डोरीनने यंत्र थांबवलं. "ए ओरेस्ट, तिकडं काय करतोस? आज सामना आहे. जा आपल्या दारापाशी, उगाच हरवशील आम्हाला."

ती हसत होती. तोही हसला आणि दारापाशी गेला.

व्हॅन डाइक चाळिशीतला, सभ्य माणूस. सामन्याआधी त्याने ओरेस्टशी हात मिळवला. "बाबियुक, तुम्ही होतात तिथंच राहा. नऊ जिंकून दिलेल्या माणसाला मी नाही हलवणार." एवढं बोलून तो मधे जाऊन उभा राहिला.

पहिला गोल आपल्यावरच झाला. शिट्टी वाजली आणि पेलेतिएने मान वळवली, अडीच महिन्यांच्या सवयीने, डाव्या दाराकडे.

"कोच, आता कोण?"

तीन नावं ओरेस्टच्या ओठांवर आली होती. ती त्याने गिळली.

"तिकडं विचार," तो म्हणाला आणि मानेनेच मधली जागा दाखवली.

बाकावरची सगळी डोकी तिकडं वळली. कॅमेराही तिकडंच वळला असणार, आणि लारिसा बघत असणार. व्हॅन डाइकने तीन नावं पुकारली. तीच तीन. पोरं उठली, आणि ओरेस्टने कडी काढून त्यांच्यासाठी दार उघडलं.