दुसऱ्या फेरीत न सापडलेली माणसं

मी बोलतोय खरा, पण बोलणं हा काही माझा धर्म नाही. मी आवाज टिपणारा रेकॉर्डर. मुठीत मावेन एवढा, काळा, एका बाजूनं झिजलेला. माझं काम ऐकायचं. पण माझ्याजवळ बोलून गेलेली काही माणसं मला अजून सोडायला तयार नाहीत, म्हणून आज मीच तोंड उघडतोय.

कुठल्या परमुलखातल्या कारखान्यात जन्मलो, ते मला धड आठवत नाही. आठवतं ते सीताबर्डीतल्या दुकानाचं काचेचं कपाट. तिथून रामदासपेठेतल्या एका लहानशा संशोधन संस्थेनं मला नेलं. सरकारी योजना लोकांच्या कितपत कामी आल्या, हे ती संस्था तपासायची आणि अहवाल लिहून साहेबलोकांपुढे ठेवायची. त्यावरून पुढची योजना ठरायची. निदान ठरावी अशी अपेक्षा असायची. संस्थेचे प्रमुख गोपाळराव, साठीला टेकलेले, तोलूनमापून बोलणारे. आणि मला पर्समध्ये टाकून उन्हातान्हात हिंडायची ती नंदिनी.

माझा लाल दिवा लागला की माणूस बदलतो. पुरुष घसा खाकरून छापील बोलू लागतात. बायका पदर सारखा करतात, जणू मला डोळेही आहेत. मग चहा येतो, कोणाचं तरी लेकरू रडतं, आणि माणसं मला विसरतात. खरा आवाज त्यानंतर येतो.

पंचफुलाबाईंचा आवाज असाच आला.

प्रताप नगरजवळच्या एका नाल्याकाठची वस्ती उठवून हुडकेश्वरच्याही पुढे, शहर संपून शेतं लागतात तिथं, नव्या पक्क्या घरांत नेली होती. लोकांचं बरं झालं की वाईट, हे दोनदा तपासायचं ठरलं. एकदा ते राहायला गेल्यावर लगेच, आणि पुन्हा दोन वर्षांनी. दोन्ही फेऱ्यांचा निकाल पाहून आणखी एका वस्तीला तिकडेच न्यायचं की नाही, याचा निर्णय व्हायचा होता.

पहिल्या फेरीत नंदिनी मला घेऊन पंचफुलाबाईंकडे गेली. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, दाराशी दोरीवर वाळत घातलेलं लुगडं, आत नव्या चुन्याचा वास. बाई पन्नाशीच्या. नंदिनीनं आधीच सांगितलं की तुमचं नाव कुठं येणार नाही, आणि काम संपलं की आवाज पुसून टाकू. त्या हसून म्हणाल्या, पुसा ना, पण काम झाल्यावर पुसा. मग चहा ठेवला, आणि स्टोवशी बसल्याबसल्या बोलू लागल्या.

"घर चांगलं आहे, बाई. खोटं काहून बोलू? नळ आहे, संडास आहे, पावसात नाला घरात येत नाही. पण माही कामं तिकडं राहिली आन् मी इकडं आली. तिकडच्या घरी पोळ्या करत होती मी, पायी जात होती. आता जाण्यायेण्यातच अर्धा जीव जाते. आन् दुपारी इथं येऊन पाहा कधी. सारे मानसं शहरात, गाड्याही त्याह्यच्या संगं. दुपारी कोणाले काही झालं, तर आवाज कोणाले द्यावं, हे लिवा तुमच्या कागदात."

नंदिनीनं ते लिहिलंही. पण पहिल्या फेरीचा अहवाल जाडजूड होता. त्यात पंचफुलाबाईंचं बोलणं 'काही रहिवाशांनी वाहतुकीची अडचण मांडली' एवढ्या ओळीत मावलं.

दोन वर्षांनी आम्ही पुन्हा गेलो. बरीच दारं बंद होती. कुलपांवर धूळ बसलेली. काही घरांत अनोळखी माणसं होती, भाड्यानं आलेली. पंचफुलाबाईंच्या दारात मात्र त्यांची मुलगी काजल उभी होती. नंदिनीनं आईला बोलव म्हटलं.

"आई गेली, मॅडम. मागच्या उन्हाळ्यात. दुपारी छातीत दुखून राहिलं म्हणे. मी दारोदार फिरली, कोणाकडंच गाडी नव्हती. अॅम्ब्युलन्सवाल्याले गल्लीच सापडून नाही राहिली."

 नंदिनीनं हातातल्या टॅबमध्ये पाहिलं. ठरलेलं माणूस भेटलं नाही, तर काय करायचं हे तिथं आधीच ठरलेलं होतं. पंचफुलाबाईंच्या नावापुढे 'अनुपलब्ध' असं टाकायचं, आणि बदली म्हणून शेजारचं घर घ्यायचं. शेजारी एक तरुण जोडपं होतं. नवऱ्याची मोटरसायकल होती, काम जवळच्याच गोदामात. त्यांनी सांगितलं, घर एकदम झकास आहे. नंदिनीनं ते टिपून घेतलं. भिंतीपलीकडे काजल भांडी घासत होती, तो आवाजही माझ्यात उतरला.

निकाल आला तो आनंदाचा. पहिल्या फेरीपेक्षा समाधानी माणसं पुष्कळ वाढली होती. गोपाळराव खूश झाले. साहेबांना सादरीकरणाची तारीख कळवली. अहवालात लोकांच्या तोंडची चार वाक्यं हवीत म्हणून त्यांनी नंदिनीला जुनी ध्वनिमुद्रणं ऐकायला बसवलं.

ती दुपार मी विसरणार नाही. नंदिनी एकेक आवाज लावायची आणि त्या माणसाचं दुसऱ्या फेरीत काय झालं ते पाहायची. मंडईत भाजी विकणाऱ्या इंदुताई म्हणत होत्या की इथून माल नेणं परवडत नाही. इंदुताई अनुपलब्ध. एक म्हातारा खोकत खोकत दवाखान्याचं विचारत होता. अनुपलब्ध. कोणी शाळेचं बोलत होतं, कोणी अंधाऱ्या रस्त्याचं. जे जे कुरकुरले होते, त्यांतले बहुतेक दुसऱ्यांदा भेटलेच नव्हते. खोलीत नंदिनी एकटी होती, पण त्या सगळ्यांनी तिला घेरल्यासारखं झालं होतं. तिनं हेडफोन काढून ठेवले. तरी तिची मान मागं वळत होती, कोणी हाक मारल्यासारखी.

शेवटी ती मला हातात घेऊनच गोपाळरावांकडे गेली.

"सर, हे समाधान वाढलेलं नाही. ज्यांना त्रास झाला ते निघून गेले, काही तर मेले. आपण उरलेल्यांना विचारलं."

गोपाळराव म्हणाले की बदली घरं नियमाप्रमाणेच घेतली आहेत, सगळीकडे तसंच करतात, आणि सादरीकरण तोंडावर आलंय. नंदिनी वाद घालायला थांबली नाही. मला त्यांच्या टेबलावर ठेवून निघून गेली. गोपाळरावांनी खूप वेळ माझ्याकडे पाहिलंही नाही. मग चष्मा काढला, हेडफोन लावले. एक आवाज संपला की दुसरा. शिपाई चहा ठेवून गेला, तो निवून त्यावर साय धरली. संध्याकाळी त्यांनी फोन उचलून पुढची तारीख मागून घेतली.

त्यानंतर आम्ही निघून गेलेल्यांना शोधत फिरलो. कुणी प्रताप नगरच्या मागच्या गल्लीत, एका खोलीत दोन कुटुंबं करून राहत होते. जुन्या वस्तीतल्यापेक्षा वाईट जागा, आणि तीही भाड्याची. पण काम पायाशी होतं. इंदुताई मंडईमागच्या एका माडीवर सापडल्या. त्या म्हणाल्या, "आमी घर सोडलं नाही वं, घराले कुलूप लावून पोटाच्या मागं आलो." काहींचा पत्ता लागलाच नाही. त्यांच्या बंद दारासमोर नंदिनी थोडी थांबायची आणि मला सुरू ठेवायची. माझ्यात नुसतं वारं भरायचं, दूरवर कुठंतरी कुत्रं भुंकायचं.

एक दिवस काजल रामदासपेठेत आली. आईचा आवाज तुमच्याकडे आहे का, एवढंच तिनं विचारलं. मोबाइल बिघडला तेव्हा तिच्याजवळ आईचं होतं नव्हतं ते सगळं गेलं होतं. गोपाळरावांनी नियम सांगितला, नाव-आवाज गुप्त ठेवायचं वचन दिलेलं असतं. सांगतानाच त्यांचा सूर खाली आला. ज्या बाईला वचन दिलं ती राहिली नव्हती, आणि समोर तिची मुलगी बसली होती.

नंदिनीनं मला टेबलावर ठेवून बटण दाबलं. 'घर चांगलं आहे, बाई' म्हणताना पंचफुलाबाईंच्या बांगड्या वाजल्या, स्टोव फुरफुरला. काजल हलली नाही. दुपारबद्दलचं ते वाक्य आलं तेव्हा तिनं तोंडावर ओढणी धरली. पूर्ण ऐकून झाल्यावर तिनं ओढणी खाली घेतली.

"हे त्या साहेबांनी ऐकलं आहे का?" तिनं विचारलं.

नंदिनी म्हणाली की आम्ही लोकांचे आवाज ऐकवत नाही, लिहून देतो. आणि मेलेल्या माणसाचा आवाज असा भर बैठकीत लावणं तिला जमणार नव्हतं.

"तुम्ही तिले विचारायले आल्या होत्या ना? ती एकट्या तुमच्यासाठी नोती बोलून राहिली. ऐकवा त्याह्यले. नाव सांगा, म्हणा पंचफुला म्हणून बाई होती."

गोपाळरावांनी तसं काजलकडून लिहून घेतलं आणि खाली स्वतःची सही केली.

बैठकीत मी लांबलचक टेबलाच्या मधोमध होतो. आधी आकडे झाले. मग नंदिनीनं सांगितलं की दोन फेऱ्यांत जी घरं गळाली, ती आम्ही आता धरली आहेत, आणि ती धरली की वाढलेलं समाधान उरत नाही. एक साहेब म्हणाले, घरं तर चांगलीच बांधली ना? नंदिनीनं मला सुरू केलं. पंचफुलाबाईंनीच त्यांना उत्तर दिलं, घर चांगलं आहे म्हणून, आणि पुढंही बोलत राहिल्या. 

"या बाईंना पुन्हा भेटता येईल?" साहेबांनी विचारलं.

"नाही, साहेब. त्या वारल्या, तेही दुपारीच. आमच्या नियमाप्रमाणे आम्ही त्यांच्या जागी शेजारचं घर घेतलं होतं."

सगळं काही पालटलं, असं मी म्हणणार नाही. नव्या वसाहतीला बस मिळाली, ती कधी येते, कधी येत नाही. गल्ल्यांना पाट्या लागल्या. आरोग्य केंद्र दुपारी उघडं ठेवायचं ठरलं, ते मंजूर आहे एवढंच अजून ऐकतो. पण दुसरी वस्ती तिकडे न्यायचा बेत थांबला. तिच्यासाठी शहरातल्याच जागा बघाव्यात, आणि निघून गेलेल्यांना विचारल्याशिवाय अहवाल घेऊ नये, असं लेखी झालं. पंचफुलाबाईंना यातलं काहीच मिळालं नाही.

अभ्यास संपला. काजलला तिच्या आईचा आवाज देऊन नंदिनीनं मला पुसलं. पुसलेला आवाज लगेच जात नाही म्हणतात, दुसरा त्यावर बसेपर्यंत तो आतच कुठंतरी असतो. माझ्यावर तर पुढं कितीतरी आवाज बसले. तरी बोलता बोलता एखादं माणूस गप्प झालं की त्या शांततेत मला बांगड्या ऐकू येतात, आणि कोणीतरी खोकतं.

आता माझं बटण दोनदा दाबावं लागतं, आणि नव्या मुली मोबाइलवरच काम भागवतात. नंदिनी मात्र अजून मलाच नेते. काल आम्ही त्या दुसऱ्या वस्तीत गेलो होतो. सुभद्राबाई नावाची म्हातारी दारात तांदूळ निवडत बसली होती. सगळं विचारून झाल्यावर नंदिनीनं एक प्रश्न विचारला, जो पूर्वी तिच्या यादीत नव्हता. "आजी, उद्या तुम्ही इथं नसल्या, तर तुम्हाले कुठं शोधू?"

म्हातारीचा हात सुपात थांबला. "तू येशीन का खरंच?"

"येईन."

माझा लाल दिवा लागलेला होता. त्यामुळं या वेळी वचन नंदिनीच्या आवाजात आहे. पुन्हा ती फेरी येईल तेव्हा मी सुरू होईन की नाही, सांगता येत नाही. पण ती 'येईन' म्हणाली, हे आता तुम्हीही ऐकलं आहे.