ना तपकिरी, ना पुरता काळा

“हा त्या ढिगात नको, या ढिगातही नको. वेगळा ठेव.” खाणीच्या तोंडाशी मुकादम असं म्हणाला आणि मी गोंधळात पडलो तो पडलोच.

मित्रांनो, मी एक जुना कोळसा आहे. कोणता, ते विचारू नका. दलदलीत कोसळलेल्या झाडांचा मी वंशज. चिखलाखाली दडपून, ऊब सोसून काळा झालो, पण पुरता नाही. तपकिरी कोळसा मला दादा म्हणतो आणि चकचकीत काळा कोळसा मला घरातलं शेंडेफळ समजतो. माझ्या अंगात पाणी फार. पोलादाच्या भट्टीला लागणारा कोक माझ्यापासून होत नाही. पण गंधक बहुधा कमी, म्हणून वीजघरं आणि सिमेंटच्या भट्ट्या मला आवडीने बोलावतात. मग मी चांगला की वाईट?

मी आलो कापड रंगवण्याच्या कारखान्यात. माझ्या भावंडांच्या आचेवर वाफ झाली, रंगाची पिंपं उकळली. “तापट नाही, पण कामाचा आहे,” बॉयलर सांभाळणारे म्हातारे बॉयलरवाले काका म्हणाले. तेवढ्या कौतुकावर मी कितीतरी दिवस खूश होतो.

ते आमचा ढीग रोलरने दाबून ठेवायचे. पुढे त्यांचे गुडघे धरले आणि आवाराचं काम त्यांच्या मुलीकडे, ताईकडे आलं. ताई मायाळू. आमच्यातलं पाणी उडवण्यातच बरीच आच वाया जाते, हे तिला खुपायचं. तिने अख्खा ढीग उकरून मोकळा केला, धुणं वाळत घालावं तसा. ढिगाला लागून भिंत होती आणि भिंतीपलीकडच्या ताईच्या राहत्या खोलीत तिची धाकटी बहीण तान्ह्या बाळाला घेऊन निजलेली असायची.

वारा लागला, मला बरं वाटलं. मग अंगाला भेगा पडल्या, पापुद्रे सुटले, भुगा होऊ लागला. पोटात मात्र ऊब वाढत होती. काडी तर कुणी लावली नव्हती! ढिगातून वाफ निघताना पाहून ताईने बहिणीला हसत सांगितलं की पाणी चाललंय, छान वाळतोय. मलाही तेच खरं वाटलं.

नातवाला पाहायला आलेल्या बॉयलरवाल्यांचा हात भिंतीला लागला. भिंत गरम होती. त्यांनी लोखंडी सळई मागवली, ढिगात खुपसली, थोडं थांबून उपसली आणि बोट लावताच हात मागे घेतला.

“पोरी, बाळाला आणि बाळंतिणीला आधी पलीकडे ने.”

“बाबा, मी तर वाळवत होते.”

“तू वाळवत होतीस, हा आतून पेटत होता. हवा लागली की तापतो तो. तरी बरं, दोरीवर टांगला नाहीस.”

माणसांनी तापलेला भाग उकरून, ऊब साठू नये म्हणून लांब पातळ पसरला, उरलेला थराथराने दाबला. काळवंडलेल्या तोंडाने ताई वडिलांपुढे उभी राहिली. “सळई घालून पाहिल्याशिवाय रोज तोंडात घास घालणार नाही,” एवढंच ती म्हणाली.

मित्रांनो, मोकळं सोडलं की मी पेटतो आणि दाबलं की सुखात राहतो. असा कसा मी, मलाच कळत नाही. तुम्ही कुणाला जपायला घ्याल तेव्हा आधी त्याचा स्वभाव तेवढा विचारून घ्या.

दुसऱ्या दिवशी ताटं वाढली होती. बहिणीने हाक मारली. ताईने आपल्या ताटावर ताटली पालथी घातली, कोपऱ्यातली सळई उचलली आणि ती ढिगाकडे निघाली.